कंपनीत रिसर्च इंटर्नशिप: गेट पासच्या आधीचं काम, नागपूरच्या एमटेक-एमएस्सी-पीएचडीवाल्यांसाठी

दिवाळी झाली की ज्युनिअर पोट्ट्यांचे मेसेज सुरू होतात, ताई एमटेकचा प्रोजेक्ट कंपनीत करायचा आहे, बुटीबोरी एमआयडीसीत कोणाची ओळख आहे का. ओळख आहे हो, पण ओळखीने गेट पास मिळतो, बस. बाहेर पडताना हातात थीसिस असणार की नुसतं सर्टिफिकेट हे आत जायच्या आधीच ठरून जातं, आणि ते ठरवायचं काम कोणी करतच नाही, मीही केलं नव्हतं. म्हणून एकदाच बसून सगळं लिहिते, दर वेळी तेच तेच टाइप करायचा कंटाळा येऊन राहिला.

माझं काय झालं ते आधी सांगते कारण खालचं सगळं त्यातूनच आलंय. एमटेक एन्व्हायर्नमेंटलच्या दुसऱ्या वर्षाला मी एका केमिकल कंपनीच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर, पाच महिने होते, नाव सांगत नाही, विचारू नका. काम मस्त चाललं होतं, रोज सॅम्पल, रोज सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप), एरेशन टँकचा एमएलएसएस (त्यातल्या जिवंत गाळाचं प्रमाण), पॉलीचा, म्हणजे गाळ बसवणाऱ्या केमिकलचा, डोस कमी करता येतो का म्हणून जार टेस्ट, अख्ख्या दोन वह्या भरल्या. एप्रिलमध्ये थीसिस लिहायला घेतला आणि कंपनीतून निरोप आला की आकडे बाहेर जाऊ शकत नाहीत. त्यांचंही एका अर्थाने बरोबर होतं, इनलेटचा सीओडी छापला की कळणाऱ्याला आत काय बनतं ते कळतं, वर प्रदूषण मंडळाच्या परवान्याचं (कन्सेंटचं) रिन्यूअल तोंडावर आलं होतं. पण मी काय करू? कागद एकही नाही. "हो हो वापरा ना मॅडम" असं तोंडी म्हणणाऱ्या साहेबांची तोवर बदली झालेली, नवीन साहेब म्हणे मला काही माहीत नाही. शेवटी सगळे ग्राफ टक्केवारीत बदलले, कंपनीचं नाव काढलं, दोन चॅप्टर नव्याने लिहिले, आणि व्हायवा पुढच्या सेमिस्टरला जाता जाता वाचली. पीएचडीत दुसऱ्यांदा हेच केलं तेव्हा पहिले दोन महिने नुसते कागदात घातले, लोक हसले, पण पुढे कागदावरून एकदाही अडलं नाही.

आता आधी शब्दांचा गोंधळ दूर करू. नुसती इंटर्नशिप म्हणजे कंपनी काम देते, तुम्ही करता. रिसर्च इंटर्नशिपमध्ये तिघं असतात, तुम्ही, गाईड आणि कंपनीतला एक इंजिनिअर किंवा सायंटिस्ट, आणि तिघांना चालेल असा एक प्रश्न असतो. मिहानमधल्या आयटी कंपन्यांच्या प्लेसमेंटवाल्या इंटर्नशिपबद्दल मी इथे बोलत नाहीये. पीएम इंटर्नशिप स्कीमबद्दलही नाही, ती २०२४ ला आली तेव्हा महिन्याला ५,००० वाली, २१ ते २४ वयाच्या आणि फुलटाइम न शिकणाऱ्या मुलांसाठी होती, एमटेक-एमएस्सीला बसलेले त्यात मोडतच नव्हते, तरी दर वर्षी दोघं-तिघं मला तिचा फॉर्म पाठवतात.

तिसरं म्हणजे ओजेटी. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात एमए, एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट ४ क्रेडिटचा आला, म्हणजे साधारण १२० तास. १२० तासांत रिसर्च होत नाही, कोणी सांगत असेल होते तर ऐकू नका. पण माझं मत असं आहे की ओजेटी म्हणजे फुकटात मिळालेली रेकी आहे. दुसऱ्या सेमिस्टरला जिथे ओजेटी करता तिथेच डोळे उघडे ठेवा, काय बिघडतं, कोण चिडलेलं असतं, कुठल्या रजिस्टरमध्ये कोणी बघत नाही असे आकडे पडून आहेत, आणि तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरचा रिसर्च प्रोजेक्ट त्यातूनच काढा. बहुतेक पोरं ओजेटी सही-शिक्क्यासाठी काकांच्या ऑफिसात करतात आणि मग तिसऱ्या सेमिस्टरला परत शून्यापासून शोधत फिरतात.

प्रश्न कुठे शोधायचा? नागपुरात बसून हे विचारणं म्हणजे सीताबर्डीवर उभं राहून बाजार कुठे विचारल्यासारखं आहे. कोळसा डब्ल्यूसीएलचा, मँगनीज मॉइलचं, दोन्हींची मुख्य कचेरी इथेच. कोराडी-खापरखेड्याची राख तर डोळ्यांसमोर. वाडीला जेएनएआरडीडीसी आहे, अॅल्युमिनियमवर काम करणारी संशोधन संस्था, मेटलर्जीवाल्यांनी तिकडे एकदा तरी जाऊन यावं. पर्यावरणाची नीरी आहे, कापसाची सीआयसीआर आहे, अमरावती रोडला संत्र्याची सीसीआरआय आहे, हिंगण्याला ट्रॅक्टर बनतात, बुटीबोरीत कापडापासून केमिकलपर्यंत सगळं, बाजारगावकडे स्फोटकं. लॅब आणि कंपनी यात फरक लक्षात ठेवा, नीरीसारख्या लॅबमध्ये तुम्हाला इन्स्ट्रुमेंट आणि शिस्त मिळते पण प्रश्न बहुधा त्यांचा चालू प्रोजेक्ट असतो, कंपनीत प्रश्न जिवंत मिळतो पण एखादा एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) फोटो काढायला कॉलेजातच परत यावं लागतं. मला विचाराल तर प्रश्न कंपनीचा, मोजमाप लॅबचं, हे सगळ्यात बरं, फक्त मग चौथा माणूस वाढतो आणि सह्याही वाढतात.

कुठल्या कंपनीत खरंच रिसर्च होतो हे कळायच्या दोन साध्या जागा सांगते. एक, डीएसआयआर म्हणजे केंद्राचा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभाग कंपन्यांच्या इन-हाउस आरअँडडी युनिटना मान्यता देतो आणि त्याची यादी त्यांच्या साइटवर असते, त्यात आपल्या भागातल्या कंपन्या शोधा. दोन, वार्षिक अहवाल. कंपनी कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे संचालकांच्या अहवालात ऊर्जा बचत आणि टेक्नॉलॉजी अॅब्सॉर्प्शनची माहिती द्यावी लागते, मागे परिशिष्टात दोन-तीन पानं असतात, कोणी वाचत नाही. तिथे कंपनी स्वतःच सांगते की यंदा काय सुधारलं, कशावर पैसा घातला, पुढे काय करायचंय. लिस्टेड कंपनीचा अहवाल फुकट डाउनलोड होतो. मुलाखतीला जाण्याआधी ती तीन पानं वाचलेला विद्यार्थी आणि "सर तुमच्या कंपनीत काहीही चालेल" म्हणणारा विद्यार्थी यातला फरक समोरच्याला दोन मिनिटांत कळतो.

आणि मोसम बघा बाप्पा! हे कोणी सांगत नाही. संत्र्याच्या टिकवणुकीवर काम करायचं आणि मेमध्ये सुरुवात, मग फळ कुठून आणणार? अंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्च, त्यात तुमचं सेमिस्टर बसवा. जिनिंग हिवाळ्यात जोरात, पावसाळ्यात बंद. ईटीपीवर पावसाचं पाणी मिसळलं की जुलैचे आकडे एप्रिलशी जुळतच नाहीत, मी दोन आठवडे डोकं फोडून घेतलं होतं आणि ऑपरेटर शांतपणे म्हणाला, मॅडम पाणी आलं ना वरून.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रश्न कापायचा कसा. कंपनी म्हणते पॉलीचा खर्च कमी करून द्या. हा थीसिस होत नाही, हे पर्चेस डिपार्टमेंटचं काम आहे. गाईड म्हणतात कोअॅग्युलेशनच्या कायनेटिक्सवर, म्हणजे घाण किती वेगाने गोळा होऊन बसते त्यावर, काहीतरी करू. याच्याशी कंपनीला काडीचं देणंघेणं नाही. मग दोघांच्या मधला तुकडा शोधायचा, तो माझ्या बाबतीत असा निघाला की इनलेटचं टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि सीओडी बदललं की डोस कसा बदलायचा याचा नियम सापडतो का. कंपनीला डोसचा तक्ता मिळतो, मला मॉडेल मिळतं. फाउंड्रीत "रिजेक्शन कमी करा" हे दुखणं असेल तर तुमचा तुकडा वाळूची ओल आणि एका ठराविक दोषाचं नातं. पावडर कोटिंगच्या लाइनवर, कोल्ड स्टोरेजमध्ये, कॉम्प्युटरवाल्यांना मशीनच्या सेन्सर डेटात, सगळीकडे हेच. माझी कसोटी ही, की प्रश्न एका वाक्यात प्लांटच्या माणसाला मराठीत सांगून बघायचा आणि मग तेच वाक्य गाईडला. दोघांपैकी एकाचाही चेहरा कोरा राहिला तर अजून कापायचा आहे.

कॉम्प्युटर आणि मॅनेजमेंटवाल्यांनी एवढं बघा की डेटात गिऱ्हाइकांची किंवा कामगारांची नावं-फोन असतील तर ते कंपनीकडूनच काढून घ्या, वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ ला आला आहे, तुमच्या लॅपटॉपवर तसली फाइल असणं हीच डोकेदुखी.

संपर्क कोणाशी? एचआरशी शेवटी. एचआरकडे मेल गेला की ते तुम्हाला सर्टिफिकेट पाहिजे असणाऱ्यांच्या ढिगात टाकतात, त्यांचा दोष नाही, त्यांना रोज तसलेच मेल येतात. प्लांट हेड, प्रोसेस, क्वालिटी, ईएचएस (पर्यावरण आणि सेफ्टी), आरअँडडी, यातला ज्याला दुखणं आहे तो माणूस शोधा. कॉलेजचे माजी विद्यार्थी हा सगळ्यात सोपा रस्ता, व्हीएनआयटी घ्या, एलआयटी घ्या, रामदेवबाबा घ्या, नागपूरच्या एमआयडीसीत असा कारखाना क्वचितच असेल जिथे यातल्या कुठल्यातरी कॉलेजचा माणूस नाही. फोनवर माझं दुसऱ्या वेळचं बोलणं साधारण असं झालं (आरओ रिजेक्ट म्हणजे आरओने गाळल्यावर उरणारं खारं पाणी):

"सर नमस्कार, मी पीएचडी करते, गाईड अमुक सर आहेत. तुमच्याकडे आरओ रिजेक्टचा प्रॉब्लेम आहे असं कळलं, त्यावर काम करायची इच्छा आहे."

"मॅडम, पोट्टे येतात, फोटो काढतात अन् सर्टिफिकेट घेऊन जातात. तुम्ही काय करून देणार?"

"सर, सहा महिन्यांत तुमच्याच पाण्यावर सांगू शकते की मेम्ब्रेन कशाने लवकर चोक होऊन राहिलं आणि धुण्याची वेळ कधी. तुमचा माणूस मला नको, फक्त आठवड्यातून तुमचा एक तास."

"एक तास? बघू. मंगळवारी या, अकराच्या आधी."

मंगळवारी जाताना एकच पान न्यायचं. पीपीटी नको, प्रोजेक्टर शोधण्यात त्यांची अर्धी मीटिंग जाते. पानावर प्रश्न एका वाक्यात, कंपनीच्या हाती शेवटी काय पडेल, मला काय लागेल, म्हणजे मागच्या सहा महिन्यांच्या लॉगशीट, आठवड्याला इतकी सॅम्पल, लॅबमध्ये एक टेबल, आणि मला काय नको, हा भाग लोक विसरतात पण त्यानेच समोरचा सैल होतो, रेसिपी नको, गिऱ्हाइकांची नावं नको, प्रॉडक्शनचा आकडा नको. खाली तारखा आणि गाईडची सही. गाईडची सही नसलेला कागद घेऊन जाऊ नका, समोरून पहिला प्रश्न तोच येतो.

गाईडचं थोडं बोलते. गाईड नाही म्हणतात तेव्हा बहुधा त्यांना भीती असते की पोरगी कंपनीत गेली की गेली, सहा महिन्यांनी नोकरीचं पत्र घेऊन येईल आणि थीसिस अर्धा. ही भीती खोटी नाही, असं झालेलं मी पाहिलंय. म्हणून गाईडकडे जाताना वार ठरवून जा, तीन दिवस कंपनी दोन दिवस डिपार्टमेंट, दर पंधरा दिवसांनी तीन पानी रिपोर्ट. शक्य असेल तर कंपनीच्या माणसाला को-गाईड किंवा एक्स्टर्नल सुपरवायझर म्हणून कागदावर आणा, तुमच्या युनिव्हर्सिटीचे नियम बघून, कारण पात्रतेच्या अटी असतात आणि त्याची मंजुरी कमिटीतून जाते, एका मीटिंगला चुकलं की पुढची कधी ते देवालाच माहीत. म्हणून वेळेचा हिशोब उलटा लावा, जुलै-ऑगस्टला सुरू करायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत फोन सुरू पाहिजेत. सरकारी कंपनी असेल तर अजून आधी, तिथे कॉलेजचं पत्र ट्रेनिंग विभागाकडे जातं आणि फाइल आपल्या चालीने चालते. खाणीत किंवा स्फोटकांच्या कारखान्यात तर एकट्याने फिरायचं नाव नको, सुरक्षेचे नियम कडक असतात, आत मोबाइलही चालत नाही, तेव्हा प्रयोग कुठे करणार हे आधीच विचारून घ्या.

आता कागद. इथे मी मुद्दाम जास्त वेळ घालवणार आहे.

साधारण दोन गोष्टी लागतात. एक कॉलेज आणि कंपनी यांच्यातला करार, आणि एक गुप्ततेचा, ज्याला सगळे एनडीए म्हणतात, त्यावर तुमची सही असते. करार स्टॅम्प पेपरवर करायचा म्हटलं तर महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा जमाना गेला, किमान ५०० चा लागतो, हे आधी माहीत असलं की शंभरचा आणून परत पळावं लागत नाही. बऱ्याच कॉलेजांत एमओयू, म्हणजे सहकार्याचा करार, आधीच झालेला असतो, फोटो काढून भिंतीवर लावलेला, तो मागा आणि वाचा. मी वाचले त्यात सहकार्य, देवाणघेवाण असे गोड शब्द होते आणि डेटा कोणाचा यावर एक ओळ नव्हती. मग त्याला जोडपत्र लागतं, तुमच्या प्रोजेक्टपुरतं, दोन पानी.

त्या जोडपत्रात मला जे लागतं ते असं. थीसिस जमा करायचा माझा हक्क कोणत्याही परिस्थितीत राहील, हे पहिलं आणि यावर तडजोड नाही. पेपर किंवा थीसिस बाहेर जाण्याआधी कंपनीला वाचायला ३० दिवस, त्यात त्यांनी गुप्त माहितीवर बोट ठेवावं, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर होकार समजावा. ही शेवटची ओळ नसेल तर मेल पाठवून बसा वाट बघत. मग आकडे कसे दाखवायचे ते आधीच ठरवून टाका, कंपनीचं नाव "प्लांट अ", खरा सीओडी न देता सुरुवातीच्या मूल्याशी गुणोत्तर, तारखांऐवजी दिवस १, दिवस २. मी एप्रिलमध्ये रडत रडत जे केलं तेच ऑगस्टमध्ये कागदावर ठरलं असतं तर प्रयोगच तसे आखले असते. पीएचडीवाल्यांनो, तुमचा थीसिस शोधगंगा या थीसिसच्या ऑनलाइन भांडारात चढतो, जगात कोणीही उघडून वाचू शकतो, हे कंपनीला तुम्हीच आधी सांगा, नंतर त्यांना कळलं तर विश्वास जातो.

पेटंटचं. कंपनीकडे आधीपासून जे आहे ते त्यांचं, तुमच्या लॅबचं आधीचं ते लॅबचं, आणि या सहा महिन्यांत जे नवीन निघेल ते कोणाचं, हे लिहा. मालकी कोणाचीही असो, खरं डोकं तुमचं असेल तर शोध लावणारा म्हणून तुमचं नाव अर्जावर यायला पाहिजे, ते मागायला लाजू नका. आणि पेपरची घाई करून पेटंट घालवू नका, आधी छापलं की नावीन्य गेलं. तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज आधी भरता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, तेवढ्यात पेपरही निघतो. हे सगळं शिकायला दिल्ली-मुंबईला जायची गरज नाही, आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिथे पेटंटवर ट्रेनिंग होतात, मी एकदा गेले होते तर नागपूरपेक्षा बाहेरगावचेच लोक जास्त दिसले.

एक कलम वाचून घाबरू नका, एनडीएत कधी कधी लिहिलेलं असतं की इंटर्नशिप संपल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीत नोकरी करणार नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ अशा बंधनाला मानत नाही, पण म्हणून सही ठोकून मोकळं व्हायचं असं नाही, काढून टाका म्हणा, बहुधा काढतात, कुठल्यातरी जुन्या नमुन्यातून ते कॉपी झालेलं असतं. गुप्तता पाळायचं कलम मात्र खरं आहे, ते पाळावंच लागतं.

पैशाचं बोलू. मला पहिल्या वेळी महिन्याला ८,००० मिळाले, त्यातले बरेच पेट्रोलमध्ये गेले. तुम्हाला गेट परीक्षेच्या स्कॉलरशिपचे १२,४०० किंवा जेआरएफ फेलोशिपचे ३७,००० येत असतील तर कंपनीचा स्टायपेंड घेण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात लेखी विचारा, दोन्ही घेता येतात की नाही ते योजनेच्या नियमावर असतं, आणि "सगळेच घेतात" हे उत्तर वसुलीच्या वेळी चालत नाही. स्टायपेंडवर फार ताणू नका पण कंपनीने काहीतरी टाकलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. कॅनडात मिटॅक्स नावाची संस्था १९९९ पासून हेच करते, त्यांच्या अॅक्सेलरेट प्रोग्रामचा ढाचा असा की चार ते सहा महिन्यांच्या एका युनिटला कंपनी ७,५०० डॉलर टाकते, त्यावर संस्था आपले टाकून १५,००० करते, पैसे युनिव्हर्सिटीमार्फत येतात आणि विद्यार्थी वेळ कॅम्पस आणि कंपनीत वाटतो. खिशातून गेलेत म्हणून कंपनीचा इंजिनिअर तासभर बसतो. आपल्याकडे पीएम फेलोशिप फॉर डॉक्टोरल रिसर्च याच धर्तीवर निघाली, निम्मे सरकारचे निम्मे कंपनीचे, ती राबवणारं सर्ब (केंद्राचं संशोधन निधी मंडळ) आता एएनआरएफ या नव्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत गेलंय तेव्हा पीएचडीवाल्यांनी कॉल तिकडे बघा. रोख देणार नाही म्हणाले तर केमिकल, सॅम्पलची बाटली, बाहेरच्या लॅबच्या टेस्टचं बिल, कँटीन, बस, यातलं काहीतरी लिहून घ्या. कंपनीची बस हा तर बुटीबोरीसाठी सोन्याचा भाव, मेट्रो खापरीला सोडते आणि पुढे तुमचं तुम्ही. हिंगण्याकडच्यांना लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे. आणि अपघात विमा कॉलेजचा आहे की कंपनीचा हे विचारा, मे महिन्यात शेडखाली ४५ डिग्रीत सेफ्टी शूज घालून उभं राहिल्यावर हा प्रश्न फालतू वाटत नाही.

आत गेल्यावर पहिले दोन आठवडे काही सिद्ध करू नका. ऑपरेटरसोबत चहा प्या, एकदा तरी नाइट शिफ्ट बघा, कारण दिवसा साहेबांसमोर जो डोस चालतो तो रात्री चालेलच असं नाही. लॉगशीटवर रोज अगदी एकसारखे आकडे दिसले तर ते मोजलेले नसतात, आधीच्या ओळीवरून उतरवलेले असतात, हे तक्रार म्हणून वर सांगायचं नाही, शांतपणे स्वतःचं मोजमाप सुरू करायचं. सॅम्पल घेतल्याबरोबर वेळ, जागा, तापमान वहीत, सीओडी लगेच करणार नसाल तर सल्फ्युरिक अॅसिडने पीएच २ च्या खाली आणून ४ डिग्रीला, नाहीतर हिंगण्याहून कॉलेजात पोचेपर्यंत नागपूरच्या उन्हात त्या बाटलीत काय उरतं ते विचारू नका. वही पानांचे नंबर असलेली, रोज तारीख, आठवड्याला कंपनीच्या माणसाची सही. फोटो विचारून. पेनड्राइव्ह तर नकोच, जे पाहिजे ते मेलवर मागा, म्हणजे कोणी काय दिलं याची नोंदही राहते.

दर शुक्रवारी पाच ओळींचा मेल, गाईड आणि साहेब दोघांना एकाच मेलमध्ये. काय केलं, काय दिसलं, काय अडलं. बहुधा उत्तर येत नाही, तरी पाठवायचा. माझ्या दुसऱ्या वेळी मधेच प्लांट तीन आठवडे शटडाउनला गेला, तेव्हा मागचे मेल दाखवून वेळ वाढवून मिळाला. शटडाउन, बदली, ऑर्डर रद्द, यातलं काहीतरी होणारच आहे असं धरून चला आणि एक प्रयोग असा ठेवा जो कॉलेजच्या लॅबमध्ये कृत्रिम पाण्यावर किंवा जुन्या डेटावर पूर्ण करता येतो. त्याच्यावर थीसिसचा एक चॅप्टर निघाला पाहिजे, प्लांट बंद असला तरी.

शेवटी निघताना दोन प्रेझेंटेशन करा. एक साहेबांना, पंधरा मिनिटं, पहिल्या स्लाइडवर त्यांना काय मिळालं ते. दुसरं ऑपरेटर लोकांना, मराठीत किंवा हिंदीत, स्लाइड नसली तरी चालेल, फक्त डोसचा तक्ता लॅमिनेट करून पॅनेलजवळ चिकटवून द्या. मी दिलेला तक्ता दोन वर्षांनी गेले तेव्हाही तिथेच होता, कोपऱ्याला तेलाचे डाग आणि एका ओळीवर कोणीतरी पेनाने दुरुस्ती केलेली, दुरुस्ती बरोबर होती.

बाहेर पडायच्या दिवशी गेट पास जमा करण्याआधी हातात काय असायला पाहिजे ते सांगून थांबते: थीसिसमध्ये कुठले आकडे कसे वापरायचे याला मंजुरी देणारा मेल, सही केलेली वही, सर्टिफिकेटवर प्रोजेक्टचं पूर्ण नाव आणि तारखा, कारण नुसतं "ट्रेनिंग पूर्ण केले" लिहिलं की व्हायवात कोणी विचारत नाही, आणि कंपनीतल्या त्या एका माणसाचा स्वतःचा नंबर, ऑफिसचा नको, बदली झाली की तो बंद होतो.